मध्येच बोलण्याचा शिरस्ता

इंग्रज मनुष्य मितभाषी असतो, अशी समजूत आपल्याकडे फार दिवसांपासून रूढ आहे, आणि ज्यांनी इंग्रज जवळून पाहिलेला नाही त्यांच्या ठिकाणी ती विशेष दृढ आहे. परंतु घरात चोराची धास्ती किती आहे हे त्या घराच्या कुलपांवरून ओळखावे, या न्यायाने पाहू गेल्यास, कोणी विचारले नसता बोलून उठणाऱ्या माणसाची जेवढी धास्ती इंग्रजांनी बाळगली तेवढी दुसऱ्या कोणी बाळगली असेल असे वाटत नाही. अशा माणसासाठी त्यांनी शिट्ट्या केल्या, टोप्या ठेवल्या, रविवार मुक्रर केले, पार्लमेंटात उंच खुर्ची मांडून तीवर एक अंमलदार बसवला, आणि एवढ्यानेही भागेना तेव्हा इस्पितळोइस्पितळी पालक नेमले. जो समाज मुळात बोलतच नाही त्याला एवढा सरंजाम कशाला लागावा, हा प्रश्न माझ्यासारख्या, जन्मापासून सर्वजण एकदम बोलत असलेल्या घरात वाढलेल्या माणसाला पडल्यावाचून राहत नाही.

त्यांच्या घरगुती बोलीत 'पाइप अप' करणे असा एक प्रयोग आहे. पाइप म्हणजे पावा. पावा तोंडाला लावून वाजवू लागणे किंवा गाऊ लागणे, हा त्यातला जुना भाव. पुढे त्याचा असा उपयोग होऊ लागला की, सभेत, पंगतीत अथवा वर्गात सगळे गप्प असताना, ज्याच्याकडून कोणाची काडीमात्र अपेक्षा नव्हती अशा एखाद्या इसमाने कोपऱ्यातून बारीक आणि किंचित चिरक्या आवाजात काहीतरी बोलून टाकले, म्हणजे त्याने 'पाइप अप' केले. बड्या साहेबाच्या हातून ही क्रिया कधी घडत नाही, साहेब बोलतो. ती घडते कारकुनाच्या, धाकट्या भावाच्या, नव्याने लागलेल्या उमेदवाराच्या हातून. बोलणाऱ्याचा दर्जा, त्याच्या आवाजाची जाडी आणि ऐकणाऱ्यांच्या एकदम वळलेल्या माना, एवढा सगळा ऐवज त्या दोन शब्दांत गाठोड्यासारखा बांधलेला आहे. आणि या सर्वांच्या तळाशी एक अट आहे, जिच्याकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो: त्याच्या आधी शांतता असावी लागते.

असले जोडशब्द इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलाच्या वाट्याला येतात तेव्हा त्याची जी तारांबळ उडते तिचे वर्णन करणे अनावश्यक आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेपासून रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणापर्यंत ज्यांनी मजल मारली त्यांना ती ठाऊक आहे, आणि ज्यांनी मारली नाही ते सुखी आहेत. आमचे एक मास्तर वर्गात पुटपुटणाऱ्या पोरावर 'स्पीक अप' म्हणून ओरडत, आणि ते पोर खरोखरच मोठ्याने बोलू लागले की 'शट अप' म्हणून ओरडत. वर नेणारा शब्द दोन्हीकडे एकच असताना एकाने तोंड उघडावे आणि दुसऱ्याने मिटावे, हे कसे, असे एका विद्यार्थ्याने विचारल्यावर मास्तरांनी क्षणभर विचार करून त्याला बाकावर उभे केले, म्हणजे तोही वर गेला.

इंग्रजांच्या आरमाराने मात्र या बाबतीत अधिक शिस्त दाखवलेली आहे. युद्धनौकेवरच्या बोसनपाशी, म्हणजे खलाशांच्या मुकादमापाशी, साखळीला अडकवलेली एक वाकडी, अरुंद शिट्टी असते, आणि त्या वीतभराहून लहान वस्तूच्या भागांनाही जहाजाचीच नावे दिलेली आहेत: पोकळ गोळ्याला बोया, नळीला तोफ, खालच्या पट्टीला कणा. वाऱ्यालाटांच्या गर्जनेत माणसाचा कंठ पोहोचत नाही, शिट्टीचा तीक्ष्ण स्वर पोहोचतो, म्हणून हुकूम शिट्टीवर चालत. शीड ओढा, होडी उतरवा, जेवायला या, असा प्रत्येक हुकमाचा स्वर वेगळा. आणि दिवसअखेर जो शेवटचा स्वर निघे, ज्याच्या मागोमाग दिवे मालवून, बडबड थांबवून, खलाशांनी आपापल्या झोळ्यांत शिरावे, त्याचे नाव 'पाइप डाउन'. हल्ली एखाद्या वाचाळ माणसाला गप्प करायलाही हाच शब्द वापरतात. ही शिट्टी आपल्या नौदलानेही वारशात घेतली आहे आणि अधिकारी नौकेवर चढताना ती अजून वाजते. कोकणातले कैक खलाशी गोऱ्यांच्या आगबोटींवर सारंगाच्या हाताखाली राबले. त्यांच्या नातवंडांना सुटीत गावी गेलेले पाहिले म्हणजे असे वाटते की, तिकडून त्यांनी पेट्या आणल्या, घड्याळे आणली, काचेच्या हंड्या आणल्या, पण ती दिवस संपल्याची शिट्टी तेवढी आणायची राहिली.

परंतु या शास्त्राचे खरे विद्यापीठ म्हणजे वेस्टमिन्स्टर येथील कॉमन्स सभागृह. तेथे उंच खुर्चीवर जो गृहस्थ बसतो त्याला स्पीकर, म्हणजे बोलणारा, म्हणतात, आणि वादविवादात मात्र तो भाग घेत नाही. याचे कारण असे की, तो पूर्वी सभेत बोलण्यासाठी नसून सभेच्या वतीने राजापुढे बोलण्यासाठी होता, आणि राजापुढे बोलणे हा प्रकृतीला मानवणारा उद्योग नव्हता. 1376 साली पीटर डी ला मेअर याने लोकसभासदांच्या वतीने दरबारी मंडळींच्या लाचखोरीविषयी तोंड उघडले आणि त्याबद्दल नॉटिंगहॅमच्या किल्ल्यात त्याची रवानगी झाली. पुढल्याच वर्षी टॉमस हंगरफर्ड याच्यापासून या पदाला स्पीकर हे नाव रीतसर लागले. 1394 ते 1535 या अवधीत सात स्पीकरांची मस्तके धडावेगळी झाली; त्यांतली सगळीच बोलण्यापायी गेली असे नव्हे, पण त्या खुर्चीकडे पाहण्याची जी दृष्टी त्यामुळे तयार झाली ती अशी की, आजही नवा स्पीकर निवडून आला म्हणजे दोन सभासद त्याला दंडाला धरून ओढत खुर्चीपर्यंत नेतात आणि तो आढेवेढे घेतल्याचे नाटक करतो. आपल्याकडे खुर्चीपासून ओढून काढावे लागते. असो.

तेथे सामान्य सभासदाला बोलायचे असेल तर त्याने स्पीकरची नजर पकडावी, असा दस्तूर आहे. ती पकडण्यासाठी, बोलत असलेला सभासद खाली बसला रे बसला की, इच्छुक मंडळी जागच्या जागी उभी राहतात. ज्याचे नाव पुकारले गेले तो बोलतो, उरलेले बसतात आणि पुढल्या वेळी पुन्हा उठतात. हा क्रम तासन् तास चालतो. आपल्याकडे शाळेत जास्त बोलल्याबद्दल उठाबशा काढायला लावत; तिकडे प्रौढ, पोक्त, निवडून आलेली माणसे बोलायला मिळावे म्हणून आपखुशीने उठाबशा काढतात, हे पाहून शिक्षणशास्त्राविषयी माझ्या मनात काही विचार येऊन गेले.

सर्वांत रमणीय प्रकरण टोपीचे. एरवी कॉमन्समध्ये उभे राहून आणि मस्तक उघडे ठेवून बोलायचे, हा नियम. परंतु मतदानाची घंटा झाली, सभासद उठून आपापल्या दालनांकडे चालू लागले, आणि नेमक्या त्या गडबडीत एखाद्याला हरकतीचा मुद्दा सुचला, तर इतक्या उभ्या माणसांत हा उभा राहिलेला ओळखावा कसा? तेव्हा नियम उलटा केला: अशा वेळी बोलणाराने बसून, आणि डोक्यावर टोपी घालून बोलावे. ज्या काळी प्रत्येक सद्गृहस्थाजवळ टोपी असे त्या काळी हे सोयीचेच होते. पुढे काळ बदलला, टोप्या गेल्या, नियम राहिला, जसा तो सर्वत्र राहतो. मग सभागृहातच घडीची एक रेशमी उंच टोपी ठेवण्यात आली. चपटी ताटलीसारखी दिसणारी, झटका दिला की टपकन उभी राहणारी. कोणाला हरकत सुचली की ती टोपी बाकांवरून हातोहात त्याच्याकडे जाई, तो ती मस्तकी धारण करी, आणि सभेच्या कोणत्या नियमाचा भंग झाला आहे ते गंभीर मुद्रेने सांगू लागे. ती कोणाच्या मापाची केलेली नसल्यामुळे लहान डोक्याच्या सभासदाचा मुद्दा भुवयांच्या खाली जाई, मोठ्या डोक्याच्या सभासदाचा मुद्दा शिखरावर डुगडुगत राही. टोपी हाताशी नसली तर कार्यक्रमपत्रिकाच डोक्यावर धरून निभावून नेत. वृत्तांत लिहिणारे चिटणीसही कर्तव्यास चुकले नाहीत. सभासदाच्या नावापुढे 'बसून व मस्तक झाकून' अशी नोंद ते इमानेइतबारे करीत.

1989 साली सभागृहात दूरचित्रवाणीचे कॅमेरे आले आणि शतकानुशतके आपसांत चाललेला हा व्यवहार घरोघरी दिसू लागला. लोक हसू लागले. या एका प्रथेमुळे सभागृहाचे जेवढे हसे झाले तेवढे क्वचितच दुसऱ्या कशामुळे झाले असेल, अशा आशयाचे मत सुधारणासमितीने दिले आणि 1998 साली ती बंद झाली. मला स्वतःला या निर्णयाचे वाईट वाटते. हरकत घेणाऱ्याच्या अंगी स्वतः थोडे हास्यास्पद दिसण्याची तयारी आहे की नाही, याची त्याहून अचूक परीक्षा मनुष्यजातीने अद्याप शोधलेली नाही. डोक्यावर दुसऱ्याची टोपी घालूनही जो मुद्दा मांडावासा वाटतो तो मुद्दा खरा असण्याचा संभव पुष्कळ असतो.

अर्थात या विद्यापीठात नापास झालेले लोकही थोडे नाहीत, आणि त्यांत थोर माणसे आहेत. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा अवाढव्य इतिहास लिहिणारा एडवर्ड गिबन 1774 साली पार्लमेंटात शिरला आणि आठ अधिवेशने तेथे बसून एकदाही बोलला नाही. चांगल्या वक्त्यांची भाषणे ऐकून आपण निराश होत असू आणि वाइटांची ऐकून भयभीत, असा खुलासा त्याने एका पत्रात केलेला आहे. आणि सहा खंड लिहून ठेवणाऱ्या माणसाने तोंडी काही सांगितले नाही म्हणून राष्ट्राचे नुकसान झाले असे कोणी म्हणू शकणार नाही. विल्यम जेरार्ड हॅमिल्टन नावाच्या गृहस्थाने 1755 साली आपले पहिले भाषण असे काही केले की, त्यानंतर त्याने काय केले हे लोकांनी पाहिलेच नाही. 'एकभाषणी हॅमिल्टन' हे नाव त्याला जन्मभर चिकटले. सर आयझॅक न्यूटन हाही केंब्रिजच्या वतीने तेथे बसत असे, आणि त्याने आपल्या सबंध कारकिर्दीत एकदाच तोंड उघडले ते खिडकी लावून घ्या, वारा येतो, एवढे सांगण्यासाठी, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खोटी असण्याचा संभव आहे. परंतु आमच्या इमारतीच्या सभेत जी भाषणे मी ऐकतो त्यांतली बहुतेक ऐकल्यावर, खिडकीविषयीच्या त्या एका वाक्याची भरीव उपयुक्तता मला तीव्रतेने जाणवते.

पार्लमेंटाची ही कथा झाली, देवळाची निराळी. इंग्लंडच्या धर्मपीठात लग्न लावायचे तर त्याआधी तीन रविवार वधूवरांची नावे भर प्रार्थनेत वाचून दाखवतात आणि कोणाला वैध हरकत ठाऊक असेल तर ती सांगावी असे आवाहन करतात. एवढ्याने समाधान न होऊन लग्नाच्या दिवशीही धर्मोपदेशक सर्वांसमक्ष विचारतो की, हा विवाह होऊ नये असे कोणाला वाटत असेल त्याने आता बोलावे, नाहीतर कायमचे गप्प बसावे. आणि एवढे विचारून तो थांबतो. त्या थांबण्यात काय सामर्थ्य आहे हे शार्लट ब्राँटी हिने ओळखले. 1847 साली निघालेल्या 'जेन एअर' या तिच्या कादंबरीत त्या थांबण्याच्या क्षणी मागून एक वकील बोलतो, नवऱ्या मुलाची पहिली बायको हयात आहे हे बाहेर येते, आणि कथानकाला जी कलाटणी मिळते तिच्यावर आजतागायत कित्येक बोलपटांचा उदरनिर्वाह चाललेला आहे.

आपल्याकडे असे होणे नाही. समर्थ रामदासांच्या चरित्रात परंपरेने सांगितले जाते त्याप्रमाणे आपल्या इथे 'सावधान' हा शब्द एकदाच एका वराने मनावर घेतला, आणि तोही वाद न घालता मंडपातून थेट निघून गेला. तेव्हापासून आपण खबरदारी घेतलेली दिसते. गुरुजींनी श्वास घ्यायला थांबावे तर तेवढ्यात नवऱ्याची मावशी आपण रचलेले मंगलाष्टक सुरू करते. तिची उंच पट्टी संपण्यापूर्वी नवरीच्या काकू त्याहून उंच पट्टीत दुसरे उचलतात. ध्वनिक्षेपकावर सनई, दाराशी बँड, वरून अक्षतांचा मारा. अशा स्थितीत नवऱ्याची पहिलीच काय, दुसरी बायकोही येऊन बोलू लागली तरी तिला कोणी ऐकणार नाही, उलट हातात अक्षता देऊन पुढे ढकलतील. हरकती आपल्याकडेही असतात, पण त्या पंगत बसल्यावर निघतात आणि त्यांचा विषय मानपान हा असतो.

इथपर्यंत विनोद झाला. पण एक गोष्ट अशी आहे की जिथे विनोद आवरता घ्यावा लागतो. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायर परगण्यातील एका सरकारी इस्पितळात रोग्यांची भयंकर आबाळ झाली, ज्यांना ती दिसत होती त्यांपैकी काहींनी सांगून पाहिले, त्यांना गप्प बसवण्यात आले, आणि बाकीचे त्यावरून धडा घेऊन आपणहोऊन गप्प बसले. चौकशी करणारे सर रॉबर्ट फ्रान्सिस यांनी 2015 साली या गप्प बसण्याविषयीच एक स्वतंत्र अहवाल दिला, आणि त्यावरून आरोग्यसेवेच्या प्रत्येक संस्थेत, बोलू इच्छिणाऱ्यांचा पालक म्हणून एकेक अधिकारी नेमण्यात आला. परिचारिकेला काही खटकले, वरिष्ठ ऐकेनात, तर तिने या पालकाकडे जावे. नावात 'स्पीक अप' हे शब्द असलेला सरकारी हुद्दा जगाच्या इतिहासात हा पहिलाच असावा. कामाची जागा म्हटली की बारीक आवाजाच्या माणसाला भीती असते, आणि त्या भीतीपायी दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो, हे ज्यांनी कबूल करून त्यावर खर्च मंजूर केला त्यांच्या टोपीला मी पुढे हसणार नाही.

बारीक आवाजाची ही भीती आपल्याला नवीन आहे असे नव्हे. द्यूतसभेत द्रौपदीने प्रश्न विचारला तेव्हा भीष्म धर्माची गती सूक्ष्म आहे असे म्हणून मोकळे झाले, द्रोण-कृप खाली पाहत राहिले, आणि त्या वृद्धांच्या शांततेतून धृतराष्ट्राचाच एक पोरगा, विकर्ण, उठून म्हणाला की ती जिंकली गेलेली नाही. व्यसनांत बुडालेल्या राजाने केलेला व्यवहार खरा धरू नये, असा त्याचा युक्तिवाद होता आणि तो बिनतोड होता. सभेत त्याची वाहवाही झाली. पण कर्णाने त्याला झापले ते मुद्द्यावर नव्हे, वयावर: तू अजून पोर आहेस, मोठ्यांसारखे बोलू नकोस. हे वाक्य, पात्रे बदलून, आपण सर्वांनी कोणत्या ना कोणत्या ओसरीवर ऐकलेले आहे. पुढे युद्धात भीमाने विकर्णाला मारले आणि मारून हळहळला. म्हणजे खरे बोलणाऱ्याबद्दल वाईट वाटून घेण्याची आपली वेळही ठरलेली आहे.

परंतु विकर्णाला एक सोय होती, ती तुम्हाआम्हाला नाही. त्याच्यापुढे सभा गप्प होती. मराठी माणसाची खरी अडचण बोलायला धीर होत नाही ही नसून, ज्या शांततेत बोलून उठावे ती शांतताच त्याला कोठे सापडत नाही, ही आहे. आपल्या विधानसभेने विलायतेचा सगळा दस्तूर उचलला: हरकतीचा मुद्दा, तारांकित प्रश्न, सभात्याग, शिवाय तेवढ्याने भागत नाही असे पाहून औचित्याचा मुद्दा म्हणून आणखी एक स्वतःचा प्रकार काढला, आणि या सर्व वाटा मोकळ्या असतानाही सभासद एकदम बोलतात. एसटीत एकाने वाहकाला सुट्या पैशांविषयी काही विचारले की उत्तर पाच आसनांवरून येते, आणि त्यांतली दोन उत्तरे परस्परविरोधी असून दोन्ही ठाम असतात. अशा प्रदेशात एखाद्याने कोपऱ्यातून पाव्यासारखा स्वर काढला तरी माना कोणाच्या वळणार? ज्याची त्याची मान आधीच शेजाऱ्याकडे वळलेली असते.

याचा पडताळा दरवर्षी आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत येतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 अन्वये चौदा दिवस आगाऊ सूचना निघते, सप्टेंबर संपण्यापूर्वी सभा भरते, ठरल्या वेळी अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि रखवालदार एवढेच हजर असल्यामुळे ती गणसंख्येअभावी अर्धा तास तहकूब होते, आणि अर्ध्या तासानंतर, आता गणसंख्येची जरुरी नाही हे कळताच, सर्वजण येतात. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, या पहिल्या विषयावरच जे रण माजते त्यात जमाखर्च, लेखापरीक्षकाचा अहवाल आणि इमारतीच्या रंगकामाचा ठेका, ज्यावर खरोखर कोणीतरी काही बोलायला हवे होते, हे तीन विषय कधी मंजूर झाले हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. पार्किंगवर मात्र प्रत्येकजण बोलतो, ज्यांच्याकडे वाहन नाही ते अधिक बोलतात.

या सर्व गलबल्यात मागच्या भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर एक वृद्ध गृहस्थ वर्षानुवर्षे न बोलता बसत आलेले आहेत. ते तारखात्यातून निवृत्त झालेले. ज्याने उमेदीची सगळी वर्षे लोकांच्या सुखदुःखांतले शब्द मोजून दर शब्दाला पैसे घेतले, त्याला फुकटचे शब्द वापरण्याचा संकोच वाटावा हे स्वाभाविकच आहे. ते सभेला येतात, सही करतात, चष्मा पुसतात, चहा घेतात आणि जातात. कधी कोणी त्यांना 'काका, तुम्हाला काय वाटतं?' म्हणून विचारले तर प्रश्न पुरा होण्यापूर्वी दुसरे कोणीतरी उत्तर देते.

गेल्या सभेत, शेवटचा विषय म्हणजे 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' सुरू झाल्यावर, मी वर वर्णन केलेल्या विलायती टोपीची हकिगत सभेपुढे ठेवली आणि तशी एक टोपी संस्थेने खरेदी करावी, ज्याच्या डोक्यावर ती असेल त्यानेच बोलावे, बाकीच्यांनी ऐकावे, असा ठराव मांडला. ठराव सर्वांना पसंत पडला, कारण प्रत्येकाला ती दुसऱ्यांसाठी हवी होती. परंतु टोपी कोणती, या प्रश्नावर सभा दुभंगली. पांढरी म्हणावी तर तिच्यामागे एक पक्ष, काळी म्हणावी तर दुसरा, भगवी म्हणावी तर त्यातही दोन गट. पुणेरी पगडी सुचवणाऱ्याला ती सांभाळणार कोण आणि इस्त्री कोण करणार म्हणून विचारण्यात आले, आणि पगडीला इस्त्री नसते यावर पाऊण तास गेला. सचिवांनी तीन दरपत्रके मागवावी लागतील असा खुलासा केला. खजिनदार म्हणाले, एवढ्या मोठ्या खर्चाला देखभाल निधीतून पैसे काढता येणार नाहीत, प्रत्येक सदनिकेमागे वर्गणी लावावी लागेल, आणि वर्गणी हा शब्द उच्चारला जाताच सभा, अनेक वर्षांत पहिल्यांदाच, एकदम गप्प झाली.

तेवढ्यात मागून आवाज आला. तो बारीक होता, किंचित चिरका होता, आणि शब्द तारेसारखे मोजून टाकलेले होते.

"नवी टोपी कशाला? रंगकामाच्या वेळी प्रत्येकाला एकेक घातली आहे."

सगळ्या माना वळल्या. तारमास्तर चष्मा पुसत होते. अध्यक्षांनी ताबडतोब आभारप्रदर्शन पुकारले. इतिवृत्ताच्या वहीत पुढील मजकूर आहे: 'विषय क्रमांक 9, टोपी. सदर विषयावर सभासदांनी साधकबाधक चर्चा केली. एका ज्येष्ठ सभासदाने टोपीसंबंधी पूर्वीची माहिती दिली. तरतूद नसल्याने विषय पुढील सभेपर्यंत तहकूब.' एरवी चहाचा खर्च संस्थेच्या खाती पडतो. त्या दिवशी मात्र तो खजिनदारांनी पदरमोड करून पाजला, आणि बरोबर बटाटेवडेही दिले.